पहिल्या भेटीत काही मागू नये

चिंचवड, ११ जानेवारी १९५७

चि. हिंदुराव यास,

काल शाळेच्या वाचनालयात वर्तमानपत्र उघडले आणि तिसऱ्या पानावर तुझे नाव दिसले. ज्या देशात आजवर आपली वकिलातच नव्हती, तेथे भारताचा पहिला राजदूत म्हणून तुझी नेमणूक झाली. ती छोटी बातमी मी उभ्यानेच वाचली आणि मग बसून पुन्हा वाचली. तुझ्या लग्नापासून आपल्यात पत्रव्यवहार नाही. लग्नाचे आमंत्रण तू तारेने धाडलेस. थोरल्या भावाकडे अक्षत घेऊन माणूस यावा लागतो, तार चालत नाही, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. परंतु त्या मतभेदामुळे अभिनंदनही करू नये असा नियम माझ्या वाचनात नाही. म्हणून थोरल्या भावाचे हे आशीर्वाद.

दिल्लीत तू पुष्कळ शिकला असशील. तरीही संस्थान विलीन होण्यापूर्वी दरबार खात्यात मी जी वर्षे काढली, त्यांत गोऱ्या साहेबांच्या पहिल्या भेटी मी स्वतः बेतल्या आहेत. पहिली भेट या विषयाइतका सुंदर विषय मला दुसरा ठाऊक नाही. तो समजावून सांगितल्यावाचून मला राहवणार नाही, हे तू जाणतोसच.

नवा राजदूत राजधानीत उतरतो तेव्हा तो राजदूत झालेलाच नसतो, ही यातली पहिली मौज. परिचयपत्र त्याच्या बॅगेत असते, पण ते राष्ट्राध्यक्षांच्या हाती पडेपर्यंत तो एक परका गृहस्थ. त्याआधीची पायरी म्हणजे परराष्ट्रमंत्र्यांची भेट. तेथे परिचयपत्राची नक्कल द्यावयाची, कुशल विचारावयाचे, प्रवासाविषयी, हवेविषयी, शहरातील झाडांविषयी बोलावयाचे. मंत्र्याला घड्याळाकडे पाहावे लागण्यापूर्वी आपण उठावयाचे. आणि या साऱ्यात एक सूत्र सांभाळावयाचे : पहिल्या भेटीत काही मागू नये.

यामागचे कारण फार शहाणपणाचे आहे. पहिल्या दिवशी मागितले की पहिल्या दिवशी नकार मिळू शकतो, आणि दिलेला नकार मागे घेणे कोणत्याही मंत्र्याला जड जाते. तो नकार मग तुझ्या साऱ्या कारकिर्दीत तुझ्यासोबत बसतो. म्हणून नकाराला जागाच ठेवावयाची नाही. रहाटणीला, माझ्या सासुरवाडीत, मुलगी मागायला आलेली माणसे पहिल्या बैठकीत बैलांविषयी बोलतात, विहिरीच्या पाण्याविषयी बोलतात, गूळ-पाणी घेऊन उठतात. ती कशाला आली होती हे साऱ्या आळीला ठाऊक असते, पण शब्द निघत नाही. तुमची मुत्सद्देगिरी आणि आमची सोयरीक, दोन्हींचे व्याकरण एकच.

रंगीत तालीम म्हणून मी तुझ्या वहिनीला खुर्चीवर बसवले, तिला परराष्ट्रमंत्री केले आणि स्वतः दाराबाहेर जाऊन आत आलो. शालन म्हणाली, “या की. काय काम काढलंत?” मंत्री असे कधीच विचारत नाही, हे मी तिला समजावले. तुलाही ते विचारले जाणार नाही, याविषयी निश्चिंत असावे.

आमचे बरे आहे. पिंपरीला औषधांचा कारखाना झाल्यापासून शाळेत मुले वाढली आहेत. आमचा चि. भिमाजी बोटीवर नोकरीला लागला हे तुझ्या कानावर असेल. सध्या तोही तिकडेच आहे. असो.

लक्ष्मणराव


चिंचवड, १७ जानेवारी १९५७

चि. हिंदुराव,

मागचे पत्र पेटीत टाकून घरी आलो, तेव्हा तुझी वहिनी दारातच उभी होती.

“लिवलं का भिमाचं?”

“शेवटी उल्लेख केला आहे.”

“उल्लेख म्हंजी काय? काय लिवलं त्ये सांगा.”

मी सांगितले. तिने ते नीट ऐकून घेतले. मग म्हणाली, “एवढी पानं खरडली, आन् पोरगं तुरुंगात हाय एवढं लिवाय जागा ऱ्हायली न्हाई?”

इतक्या वर्षांच्या अबोल्यानंतरचे पहिले पत्र हीसुद्धा एक पहिलीच भेट असते, तीत मागणे शोभत नाही, हे मी तिला शांतपणे पटवण्याचा प्रयत्न केला. तिने चुलीपाशी जाऊन ते चुलीला ऐकवले. “सख्ख्या भावाला पत्र, आन् त्यात बी वकिली! भाऊजींला म्या हातानं भाकऱ्या वाढल्यात. त्यास्नी काय मागायचं तर मला मुहूर्त लागत न्हाई.”

तेव्हा हे दुसरे पत्र, आणि यात सारे सरळ लिहितो.

भिमाजी, तुझी नेमणूक जेथे झाली, त्याच राजधानीच्या बंदरात कैदेत आहे. दिवाळीच्या सुमारास त्याची बोट तेथे लागली होती. धक्क्यावर हमालांचा संप चालू होता, पोलिसांनी लाठ्या चालवल्या. एक म्हातारा हमाल पडला, त्याला भिमाजी उचलायला गेला. परक्या माणसाने दंग्यात भाग घेतला, असा त्याच्यावर आरोप आहे. बोट त्याला तेथेच सोडून निघाली. त्याच बोटीवरचा हिंजवडीचा ज्योतीराम गेल्या महिन्यात परत आला, तो पायी चालत आमच्याकडे आला आणि भिमाजीची वळकटी ओसरीवर ठेवून उभा राहिला. बस म्हटले तरी बसेना. “मास्तर, बोटीवरनं आम्ही हाका मारल्या,” एवढेच म्हणत होता. शालनने ती वळकटी अजून सोडलेली नाही.

तेथे आपली वकिलात नव्हती, म्हणून कोणाकडे दाद मागावी हे इतके दिवस समजत नव्हते. आणि वर्तमानपत्रात तुझे नाव आले! त्या दिवशी मला काय वाटले हे मी लिहीत नाही.

आता कामाची रीत. मी रीतसर अर्ज केला आहे. तो मामलेदार कचेरीतून कलेक्टरकडे, तेथून मुंबई सरकारकडे, तेथून दिल्लीला आणि दिल्लीहून तुझ्याकडे येईल. मामलेदार कचेरीत मारुतराव म्हणून कारकून आहेत. त्यांनी अर्ज वाचून चष्मा कपाळावर चढवला.

“मास्तर, गुन्हा घडला कोणच्या गावी?”

मी देशाचे नाव सांगितले.

“त्ये आपल्या हवेली तालुक्यात येत न्हाई.”

“मला कल्पना आहे.”

“मुळशीत?”

मी त्यांना नकाशा काढून दाखवला. नकाशा त्यांना आवडला, तो त्यांनी अर्जाला टाचून घेतला. एवढे करून अर्ज आवक झाला. म्हणजे यंत्र हलले आहे.

तुला माझे सांगणे असे की, अर्ज योग्य मार्गाने तुझ्या हाती येईपर्यंत तू या प्रकरणापासून अलिप्त राहावेस. परराष्ट्रमंत्र्यांच्या पहिल्या भेटीत भिमाजीचे नाव तुझ्या तोंडून चुकूनही येता कामा नये. तो तुझा पुतण्या आहे. राजदूताने आल्या आल्या नात्यातला माणूस सोडवायला घेतला, असा ठपका तुझ्यावर आला तर तुझे वजन जाईल, आणि पुढे अर्ज आल्यावर त्याच वजनाची आम्हाला गरज आहे. हे मी भावनेने नव्हे, पद्धतीने सांगतो आहे.

शालनचा निरोप : “लवकर करा.”

लक्ष्मणराव


चिंचवड, ९ फेब्रुवारी १९५७

हिंदुराव,

तुझे पत्र आज दुपारी मिळाले. ते मी पुन्हा पुन्हा वाचले. त्यातील एक परिच्छेद येथे उतरवून काढतो, कारण मी तो बरोबर वाचला आहे की नाही, याची मला अजून खात्री वाटत नाही.

तू लिहितोस : “दादा, आपली दोन्ही पत्रे भेटीपूर्वी पोचली होती. भेट आपण सांगितल्याप्रमाणेच झाली. मी निरोप घ्यायला उठलो, तेव्हा मंत्र्यांनी माझा हात हातात ठेवूनच विचारले, ‘आपल्या आगमनानिमित्त आम्ही आपल्यासाठी काही करावे असे आहे काय?’ आपली ताकीद मला आठवली. मी म्हणालो, ‘आपली भेट झाली, यातच सारे आले.’ तेव्हा त्यांनी माझा हात सोडला. बाहेर आल्यावर त्यांच्या शिष्टाचार अधिकाऱ्याने मला सांगितले की, नव्या राजदूताच्या स्वागतासाठी त्याच्या देशाचा एक कैदी सोडण्याची इथे जुनी रीत आहे. मुक्ततेचा हुकूम मंत्र्यांच्या टेबलावर तयार होता. राजदूताने नाव घेतले की ते त्यात भरायचे, एवढेच उरले होते. तुरुंगात भारताचा माणूस एकच आहे.”

एकच आहे!

हिंदुराव, मागणे वेगळे आणि विचारल्यावर सांगणे वेगळे. हा भेद तुला कळू नये? पाहुणा स्वतः होऊन पाणी मागत नाही, हे ठीक. पण यजमानाने तांब्या पुढे केला तर तो “नको, आपले दर्शन झाले” असे म्हणतो काय? नियमाला हेतू असतो. नकाराला जागा राहू नये म्हणून तो नियम होता. समोरचा माणूस होकार हातात घेऊन उभा असताना कोणत्या नकाराची तुला धास्ती पडली? मी सूत्र सांगितले, तू त्याचा दगड केलास. की तुला माझी ताकीद पाळून दाखवायची होती? थोरला भाऊ रीतीवर बोट ठेवून लग्नाला आला नाही, तर घ्या रीत, असे तर तुझ्या मनात आले नाही ना? मी हे विचारतो आहे. याचे उत्तर मला हवे आहे.

दुसऱ्या दिवशी तू पुन्हा भेट मागितलीस, हे वाचले. ती रीत आगमनाच्या भेटीपुरतीच असते, हुकूम परत गेला, आता प्रकरण न्यायालयात चालेल, हे त्यांचे उत्तरही वाचले. आणि न्यायालयाने काय केले तेही तू शेवटी, शाई बदलून, लिहिले आहेस. दोन वर्षे खाणीत सक्तमजुरी.

अर्ज अद्याप हवेली कचेरीतच आहे. मारुतराव म्हणाले, “साहेबांनी नकाशा बघितला. पुढचा शेरा बाकी हाय.”

तुझे पत्र मी शालनला वाचून दाखवले. खाणीपर्यंत तिने ते ऐकले. मग तिने विचारले, “मंत्र्यानं इचारलं?”

“हो.”

“माझ्यावानीच इचारलं? काय काम काढलं म्हून?”

“जवळजवळ तसेच.”

ती उठली, भाकरी झाकून ठेवली, लुगड्याचा पदर खोचला आणि रहाटणीची वाट धरली. माहेरी गेली आहे. जाताना मला काही बोलली नाही. ती रागावली असती तर मी तिला समजावून सांगू शकलो असतो.

लक्ष्मणराव


चिंचवड, २४ मार्च १९५७

चि. हिंदुराव,

तुझे पत्र पोचले. तेथील मंत्रिमंडळ पडले, नवे आले, परराष्ट्रमंत्री बदलले, हे कळले. शिष्टाचारानुसार तुला नव्या मंत्र्यांची पुन्हा पहिली भेट घ्यावी लागणार, हेही ओघाने आले. भिमाजीला खाणीत तापाने धरले आहे, हे तू पहिल्या ओळीत लिहिलेस आणि भेटीविषयी नंतर. तो क्रम योग्य होता. माझ्या प्रश्नाचे उत्तर तू दिलेले नाहीस. तेही राहू दे.

भेटीविषयी माझे मत मागितले आहेस, म्हणून सांगतो. प्रसंग अवघड आहे. कैदी सोडण्याची रीत राजदूताच्या आगमनाची, मंत्र्याच्या नेमणुकीची नव्हे. तेव्हा हे नवे गृहस्थ आपण होऊन विचारतील, असे धरून चालता येणार नाही. त्यांच्या टेबलावर हुकूम नसेल. न विचारता विषय काढलास तर ते मागणेच होईल, आणि तेही न्यायालयाचा निकाल लागल्यानंतर. यासंबंधी माझे म्हणणे असे की

येथे मला थांबावे लागले. शालन रहाटणीहून आली आहे. मी पत्र लिहितो आहे हे कोणीतरी तिला सांगितले असावे. ती माझ्यासमोर बसली आहे आणि म्हणते, “आता म्या सांगते, तुमी लिवा. एक अक्षर बदलायचं न्हाई.” यापुढील मजकूर तिचा. मी केवळ लेखनिक.

“भाऊजी, शालनचा नमस्कार. तिकडं गेल्यावर खुर्चीत बसू नका. बसलं की मान्सं झाडाचं बोलत्यात, पान्याचं बोलत्यात, आन् येळ जातो. उभ्यानं नाव घ्या.”

मी तिला म्हणालो, राजदूताने उभे राहणे हा मंत्र्याचा अपमान समजला जाईल.

“समजू द्या. भाऊजी, ह्ये म्हंत्यात अपमान व्हईल. होऊ द्या. तुमची नोकरी गेली तर या हिकडं. रहाटणीत आमच्या भावाची जमीन हाय, भाकर मिळंल. पोरगं माझं एकच हाय. तुमी त्याला खांद्यावर घिऊन पवनेला न्हेत होता, तवा रीत इचारली होती का कुनाला? पुतण्या हाय म्हून सांगा. चोरून काय ठेवायचं? नात्याला लाज कसली?”

नाते सांगणे हीच सर्वांत धोक्याची गोष्ट आहे, असे मी सुचवले.

“तुमी लिवता का म्या सोनबाकडनं लिवून घिऊ?”

सोनबा हा तिचा धाकटा भाऊ. तो चाकणच्या बाजारात कांद्याच्या पोत्यांवर नावे घालतो, त्याचे अक्षर वाईट नाही. मी लिहिले.

तिचा मजकूर येथे संपला. मी माझा अपुरा परिच्छेद पुन्हा वाचला. तो पुरा कसा करावयाचा होता हे मला आठवते, पण तो मी पुरा करीत नाही. तिने सांगितले तसे कर.

लक्ष्मणराव


चिंचवड, २ मे १९५७

प्रिय हिंदुराव,

भिमाजीच्या हातचे पत्र तुझ्या पाकिटातून मिळाले. शालनने ते माझ्याकडून वाचून घेतले, मग सोनबाकडून, मग हिंजवडीहून ज्योतीरामाला बोलावून त्याच्याकडून. प्रत्येक वेळी ती मधेच विचारते, “दोन बोटं वळत न्हाईत म्हंजी कोणच्या हाताची?” डाव्या, असे प्रत्येकाने तिला सांगितले. वळकटी काल तिने सोडली, अंथरूण उन्हात घातले आहे.

तुझे पत्र मी रात्री एकटा वाचले. मंत्र्यांनी खुर्ची दाखवली आणि तू बसला नाहीस. “आपल्या खाणीत माझ्या भावाचा मुलगा आहे, तो जिवंत आहे हे कळल्यावर बसेन,” असे म्हणालास. ते उठून आतल्या दालनात गेले, आणि कोणीही न बोलावता तू तेथेच उभा राहिलास. दिवे लागले तरी उभा राहिलास. शिपायांनी खुर्ची हलवून पाहिली, तरीही. शेवटी अधिकारी म्हणाला, कैद्याची सुटका झाली, त्याला घेऊन गाडी खाणीतून निघाली आहे, आपण आता जावे. हे वाचताना मी स्वतः केव्हा उठून उभा राहिलो, मला समजले नाही.

आता दिल्लीच्या पत्राविषयी. त्या सरकारने तक्रार केली, मंत्रालयाने तुझ्याकडे खुलासा मागितला, आणि तो माझ्याकडून लिहून हवा आहे असे तू म्हणतोस. “दादा, नियम आपणच जाणता.” जाणतो, हीच अडचण आहे. दरबार खात्यात असताना मी अशा खुलाशांचे मसुदे पुष्कळ केले. कोणत्याही चुकीला आधार देणारे एखादे उदाहरण, एखादा पूर्वाचार, निदान एखादा गैरसमज मी शोधून काढीत असे. गेले तीन दिवस शाळा सुटल्यावर हेच करतो आहे. भाषेच्या अडचणीमुळे घोटाळा झाला असे लिहिले, आणि फाडले. प्रकृती ठीक नव्हती असे लिहिले, तेही फाडले. भारतीय नागरिकाच्या प्राणरक्षणाची सर्वसामान्य जबाबदारी असा फार चांगला मसुदा झाला होता. त्यात नात्याचा उल्लेख नव्हता, आणि तो कोठल्याही चौकशीत टिकला असता. तो मी शालनला वाचून दाखवला. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “झ्याक हाय. कुनाचं लिवलंय?”

तुझ्या वर्तनाला नियमात आधार नाही. मी सर्व बाजूंनी पाहिले. यामुळे तुझी बदली होईल, कदाचित राजीनामा मागतील, हे मी तुझ्यापासून लपवीत नाही. आणि तरीही हा विषय मला उभ्या आयुष्यात प्रथमच इतका स्वच्छ दिसतो आहे की, त्याचे स्पष्टीकरण करावे असे मला वाटत नाही.

म्हणून सोबत खुलाशाचा मसुदा पाठवीत आहे. तो एकाच वाक्याचा आहे. खाली सही करावी. माझ्या सवयीला स्मरून त्यात भर घालण्याचा मोह तुला होईल, तो टाळावा.

“महाशय, तो माझ्या थोरल्या भावाचा मुलगा आहे.”

तुझा,
दादा